जागा खरी, पण काळ कुणाचा?

आज आपण एकच चित्रपट घेऊ या. अमेरिकेतल्या कालेम कंपनीचा दिग्दर्शक सिडनी ओल्कॉट १९१० मध्ये चित्रीकरणासाठी आयर्लंडला जाऊन आला होता. १९१२ मध्ये त्यानं इजिप्त आणि पॅलेस्टाईन गाठलं आणि 'फ्रॉम द मँजर टू द क्रॉस' हा येशूचरित्रावरचा मूकपट केला. पटकथा जीन गाँटियर हिची. मेरीची भूमिकाही तिचीच.

आता बघा, त्याआधी फ्रान्सच्या पाते कंपनीनं येशूचरित्र केलं ते बरंचसं रंगवलेल्या पडद्यांपुढे. इथे मात्र मेरी, योसेफ आणि बाळ मिसर देशात पळून येतात ते खऱ्या स्फिंक्ससमोर. त्या अवाढव्य दगडापुढे माणसं एवढीशी दिसतात. परक्या देशात आसरा शोधणारं कुटुंब म्हणजे काय, हे आपल्याला न सांगता कळतं. रंगवलेल्या पडद्याला हे जमलं नसतं. ही ताकद आपण मोकळेपणानं मान्य केली पाहिजे.

पण इथेच प्रश्न उभा राहतो. जागा खरी असली म्हणून कथेला पुरावा मिळतो का? १९१२ चं जेरुसलेम हे ऑटोमन साम्राज्यातलं नांदतं शहर होतं. त्याचा आज दिसणारा तटसुद्धा सोळाव्या शतकात सुलतान सुलेमाननं बांधून घेतलेला. येशूच्या काळातलं शहर कॅमेऱ्यापुढे नव्हतंच. शिवाय अनेक दृश्यांची मांडणी फ्रेंच चित्रकार जेम्स तिसो याच्या बायबलचित्रांवरून घेतलेली. म्हणजे कॅमेरा पॅलेस्टाईनला गेला खरा, पण काय बघायचं हे आधीच ठरलेलं होतं.

आणि तिथली माणसं? गर्दीत स्थानिक लोक आहेत. मुख्य भूमिका बाहेरून आलेल्यांच्या. येशू झालेला रॉबर्ट हेंडरसन-ब्लँड इंग्रज नट. स्थानिकांचं काम एवढंच, की 'इथे काळ थांबलेला आहे' असं प्रेक्षकाला वाटावं. विसाव्या शतकात जगणाऱ्या, कर भरणाऱ्या, बाजारात घासाघीस करणाऱ्या माणसांना पहिल्या शतकात नेऊन बसवलं. आमच्या मते ही वेशभूषेची बाब नाही, न्यायाची आहे. कुणाचा वर्तमानकाळ नाकारणं म्हणजे त्याचं बोलणं ऐकायची गरजच उरत नाही, असं ठरवून टाकणं.

तरीही हा चित्रपट जरूर पाहा. एकदा कथेसाठी पाहा. दुसऱ्यांदा मधल्या नटांवरची नजर काढून गर्दीतल्या चेहऱ्यांकडे बघा. ती माणसं १९१२ सालातली आहेत, एवढं मात्र विसरू नका.