वाटीचे माप

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले. आमच्या हुबळी-धारवाडकडच्या मराठी घरांतून आजही ते दिसते, तेलाचे डाग पडलेले, पुठ्ठा सुटलेले. त्यावर लिहायचे तर पदार्थांच्या संख्येचे कौतुक मी करणार नाही. पुस्तकाचे खरे बळ वाटीत आहे.

त्याआधी सासूबाईंचा 'अंदाज' असायचा. अंदाजाने मीठ, अंदाजाने पाणी. विचारावे तर "हात बसला की कळेल" एवढेच उत्तर! कमलाबाई स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या, सासूच्या हाताखाली तयार झालेल्या. त्यांनी तो अंदाज वाटी-चमच्यात बसवला. तराजू नको. वाटी कुठलीही घ्या, सगळ्याला तीच वापरा, प्रमाण चुकत नाही. चमच्याचे मात्र तसे नाही हं; वाटी मोठी निघाली तर चमचाभर मीठ कमीच पडणार.

चिमूट म्हणजे किती चमचा, हे ठरवायला एकच पदार्थ पुन्हा पुन्हा करून पाहावा लागला असणार. माझी तक्रार इथेच आहे. ते बिघडलेले घाणे पुस्तकात येत नाहीत. आपल्याकडच्या ज्वारीच्या भाकरीचेच बघा. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरते. मग पाणी कढत घ्यावे लागते. किती वाट्या पाणी, हे कुठल्या पुस्तकाने सांगावे? ते त्या दिवशीच्या पिठाला विचारायचे. नवीन मुलीला वाटते, माप तर बरोबर घेतले, म्हणजे आपणच वेंधळ्या.

आपणा जैन बायकांना तर पुस्तक वाचतानाच अर्धे बदलावे लागते. कांदा-लसूण वगळून हिंग वाढवायचा, बटाट्याच्या जागी कच्चे केळे. पण केळे बटाट्यासारखे वागत नाही. गार झाले की घट्ट होते, म्हणून गरम असतानाच कुस्करावे लागते. हे शोधून काढणाऱ्या बायकांची नावे कुठे छापलेली नाहीत. माझ्या जावेच्या प्रतीत समासात पेन्सिलीने लिहिलेले आहे, "केळे, साल ठेवून उकडणे. पहिला घाणा फुटला. पीठ घट्ट करणे." छापील कृतीपेक्षा मला ती ओळ जास्त उपयोगी पडली.