उतारू, प्रवासी, पर्यटक : कोकणच्या आगबोटी आणि अभिरुचीचा पालट

मराठी समीक्षेने देवळांचा, वाड्यांचा आणि किल्ल्यांचा विचार केला आहे. उतारूंच्या जहाजाचा मात्र क्वचितच केला आहे. जहाज हे यंत्रज्ञांचे क्षेत्र आणि त्याची वाखाणणी हे कंपन्यांच्या जाहिरातपत्रकांचे काम, अशी आपली समजूत दिसते. वास्तविक माणसे वाहणारे जहाज हीही एक वास्तू आहे, आणि ते बांधताना त्या काळाने आपल्या उतारूकडे कोणत्या दृष्टीने पाहिले हे त्या वास्तूच्या घडणीत स्पष्ट उमटलेले असते. प्रस्तुत लेखात मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या जहाजांच्या निरनिराळ्या पिढ्यांची तुलना या दृष्टीने करावयाची आहे. तुलनेसाठी मापे घेतली आहेत ती मराठीतील तीन शब्दांची. आणि शेवटी ही मापे भाईंदरच्या उत्तरेस पसरलेल्या वसईच्या खाडीतील एका साध्या बोटीला लावून पाहिली आहेत.

ते तीन शब्द म्हणजे उतारू, प्रवासी आणि पर्यटक. ‘उतारू’ हा शब्द ‘उतरणे’ या धातूशी निगडित आहे. नदी ज्या ठिकाणी पायी ओलांडता येते त्या जागेला आपण ‘उतार’ म्हणतो. म्हणजे पलीकडे जाणे आणि खाली पाय ठेवणे हे दोन्ही अर्थ या शब्दकुळात नांदतात. वाहनात चढणाऱ्याला मराठीने ‘चढारू’ म्हटले नाही, ‘उतारू’ म्हटले, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्याचे चढणे उतरण्यासाठीच असते. ‘प्रवासी’ या शब्दात ‘वस्’ म्हणजे राहणे हा धातू आहे. घर सोडून अन्यत्र राहणारा तो प्रवासी. ‘पर्यटक’ या शब्दात ‘परि’ हा उपसर्ग आणि ‘अट्’ म्हणजे हिंडणे हा धातू. सभोवार हिंडणारा तो पर्यटक. व्युत्पत्तीवरून व्यवहार सिद्ध होत नाही, आणि बोलण्यात पहिले दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि मापाची पट्टी म्हणून हे शब्द फार उपयोगी पडतात.

प्रथम उतारूंचे जहाज पाहू. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरांची माळ म्हणजे जुन्या आगबोटीचे वेळापत्रकच होते. यांपैकी बहुतेक ठिकाणी मोठी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही. किनाऱ्यावरून पडाव येत, आणि हलणाऱ्या बोटीतून हलणाऱ्या पडावात माणसे, पेट्या, वळकट्या, फणस आणि कोंबड्या उतरविल्या जात. त्यामुळे बोटीचे महत्त्वाचे अंग म्हणजे तिचा दिवाणखाना नव्हे, तर तिचे दार आणि शिडी. माळ्यावर पथारी पसरावी, डोक्याखाली गाठोडे घ्यावे आणि आपले बंदर येण्याची वाट पाहावी, एवढीच तिच्यावरील राहण्याची कल्पना होती. वरच्या वर्गाला केबिन असे. पण सामान्य चाकरमान्याच्या दृष्टीने आगबोट ही मुक्कामाची जागा नव्हती.

या मार्गावर स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांत अभिरुचीचा भेद दिसे तो घडणीत नव्हे, नावांत दिसे. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन ही बलाढ्य कंपनी. स्वदेशीच्या चळवळीतून तिच्यासमोर इंडियन कोऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली, आणि कोकणी जनतेने तिचे लांबलचक इंग्रजी नाव बाजूला सारून तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हटले. भाषेच्या अभ्यासकाने या ‘माझी’ शब्दापाशी क्षणभर थांबावे. ‘आगबोट’ हा आधीच अर्धा मराठी व अर्धा इंग्रजी समास. त्याच्यामागे ‘माझी’ हे विशेषण लागताच परकी वस्तू घरची झाली. कंपनीनेही बोटींना ‘तुकाराम’, ‘रामदास’, ‘सेंट अँथनी’, ‘सेंट झेवियर’ अशी नावे दिली. वारकऱ्यालाही भरवसा वाटावा आणि गोव्याच्या ख्रिस्ती उतारूलाही वाटावा, असा यामागील हेतू उघड आहे. पण ‘रामदास’ची बांधणी १९३६ सालची आणि इंग्लंडमधील स्वान हंटर या कारखान्यातील, नाव संताचे असले तरी लोखंड तेच होते.

नावाने दिलेला भरवसा आणि बांधणीने दिलेला भरवसा यांतील अंतर किती भयंकर असू शकते याचे दोन दाखले आपल्या किनाऱ्याने पाहिले आहेत. १८८५ साली बांधलेल्या एका आगबोटीला वसईच्या उत्तरेकडील नदीवरून ‘वैतरणा’ हे नाव मिळाले होते. तिच्यावर विजेचे दिवे होते. ते नवल पाहून लोकांनी तिचे नाव ‘वीजळी’ ठेवले, आणि तेच नाव टिकले. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईस येताना ती वादळात सापडून सौराष्ट्राच्या किनाऱ्यापाशी सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. जीवरक्षक होड्या व साधने तिच्यावर पुरेशी नव्हती, असे पुढील चौकशीत आढळून आले. दुसरा दाखला १७ जुलै १९४७ चा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ खवळलेल्या दर्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. ‘वीजळी’ची अभिरुची दिव्यांत होती, ‘रामदास’ची नावात होती; दोन्ही ठिकाणी उतारूला जे हवे होते, म्हणजे सुखरूप उतरणे, तेच त्याला लाभले नाही. म्हणून जुन्या आगबोटीची आठवण काढताना केवळ हळवे होणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. त्या बोटींनी उतारूला उतारू म्हणून ओळखले, पण त्याच्या प्राणांची किंमत नेहमीच ओळखली असे नव्हे.

स्वातंत्र्योत्तर काळात नावांची रुची पुन्हा बदलली. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावे संतांची नव्हेत. ती योजनांच्या काळातील, सरकारी कागदाचा वास असलेली नावे आहेत. तरीही या बोटी उतारूंच्याच होत्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई-गोवा बोटवाहतूक बंद पडली. पुढील दशकात दमानिया कंपनीचे वेगवान कॅटमरान काही काळ धावले. त्यातील आसने विमानातल्यासारखी रांगेने मांडलेली होती. म्हणजे जहाजाने समुद्राकडे पाठ फिरवून विमानाचा आदर्श स्वीकारला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि उतारू रुळांवर गेला.

यानंतर जे जहाज आले ते निराळ्याच जातीचे होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. नाव कान्होजी आंग्र्यांच्या कुळाचे, परंतु सांगाडा जपानी. हीच बोट १९९७ पासून ‘ओगासावारा मारू’ या नावाने टोकियो आणि सुमारे एक हजार किलोमीटरांवरील ओगासावारा बेटे यांच्यामध्ये ये-जा करीत होती. त्या बेटांवर विमानतळ नाही. तेथील माणसाला, भाजीला, टपालाला हीच बोट. जपानमध्ये तिच्यात सुमारे एक हजार उतारूंची सोय होती. मुंबईत तीच बोट चारशेच्या आत पाहुण्यांसाठी नव्याने सजविण्यात आली. मोकळ्या झालेल्या जागेत उपाहारगृहे, मद्यालये आणि पोहण्याचा तलाव आला. सांगाडा एकच, आणि त्यात दोन अर्थ. उतारूचा ‘पाहुणा’ होतो म्हणजे नेमके काय होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण आहे. ज्या किनाऱ्यावर एकेकाळी दर दोन-तीन तासांनी पडाव बोटीला भिडत, तो किनारा आता कठड्यावरून पाहण्याचे दृश्य झाला. २०२० साली ‘आंग्रिया’च्या फेऱ्या थांबल्या.

२०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेस या कंपनीने मुंबईहून ‘एम्प्रेस’ सुरू केली. हे जहाज १९९० साली फ्रान्समधील सेंट नाझेर येथे ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बांधले गेले, ते मुळातच फ्लोरिडातून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या सहलींसाठी. तिच्या मधोमध अनेक मजले उंच असा मोकळा चौक आहे. मराठी वाचकाने आपल्या वाड्याचा चौक आठवावा. वाडा रस्त्याकडे पाठ करून चौकाकडे तोंड करतो. हे जहाज तसेच समुद्राकडे पाठ करून आपल्या चौकाकडे पाहते. येथे ‘प्रवासी’ शब्दातील राहण्याचा अर्थ पूर्णत्वास जातो, आणि ज्या सहलीत जहाज निघाल्या बंदरालाच परत येते तेथे ‘पर्यटक’ शब्दातील ‘परि’ही सार्थ होतो. एकाच शब्दाला या जहाजावर काम उरत नाही, तो म्हणजे ‘उतारू’.

यावर असा आक्षेप येईल की, सुखसोयी हा काही दोष नव्हे. आक्षेप रास्त आहे. ‘बोट लागणे’ हा आपला वाक्प्रचार ज्या यातनेतून जन्मला ती भोगलेल्या पिढीला पाण्याखालील स्थिरकारी पंखांचे महत्त्व सांगावे लागणार नाही. जीवरक्षक होड्यांबाबतचे आजचे आंतरराष्ट्रीय नियम ‘वीजळी’च्या काळी असते, तर कदाचित काही माणसे वाचली असती. सहलीच्या जहाजाने सहलीचे जहाज असावे, यातही वावगे काही नाही. दोष आहे तो निराळाच. एक जात वाढली म्हणून दुसरी जात अनावश्यक ठरली, असे आपण गृहीत धरले. ‘मुंबई-गोवा बोट पुन्हा सुरू झाली’ असे २०१८ मध्ये अनेकांच्या तोंडी होते. ते वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष, पण अर्थदृष्ट्या चुकीचे होते. जी बंद पडली ती उतारूंची बोट. जी सुरू झाली ती पाहुण्यांची. ‘बोट’ हा एकच शब्द दोहोंना पुरला, आणि म्हणून काय हरवले याची खंत करण्याचेही आपल्याला कारण उरले नाही.

आता वसईच्या खाडीकडे वळू. २० फेब्रुवारी २०२४ रोजी वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली. दाभोळ-धोपावे येथे २००३ पासून फेरीबोट चालविणाऱ्या सुवर्णदुर्ग शिपिंग या संस्थेकडेच ही सेवा आली. रस्त्याने खाडीला वळसा घालून जाण्यास जे अंतर चाळीस किलोमीटरांच्या घरात जाते, ते पाण्यावरून चार किलोमीटरांच्या आत येते. या बोटीत पाहण्याजोगे काहीच नाही, असे सौंदर्यवादी समीक्षक म्हणेल. सपाट लोखंडी पाट, त्यावर दुचाक्या, रिक्षा, टेम्पो आणि माणसे. पुढे पाण्यावर टेकणारे उताराचे दार. पण त्या दारालाच आपण स्वाभाविकपणे ‘उतार’ म्हणतो, हे विसरता कामा नये. या बोटीची सारी घडण त्या एका अंगाभोवती झाली आहे. तिला चौक नाही, दिवाणखाना नाही, संताचा आशीर्वाद मागणारे नाव नाही. उतरविणे हेच तिचे सौंदर्यशास्त्र आहे.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, जहाजाच्या अभिरुचीचे मूल्यमापन करताना त्याच्या दालनांचे वर्णन पुरेसे नाही. ते जहाज आपल्यावरील माणसाला कोणत्या नावाने हाक मारते, आणि त्या नावाला जागते की नाही, हे पाहिले पाहिजे. पर्यटकाचे जहाज त्याला रिझवीत असेल तर ते आपल्या जागी उत्तमच. पण ज्या किनाऱ्यावर माणसांना आजही पलीकडे जावयाचे आहे, त्या किनाऱ्याच्या भाषेतून ‘उतारू’ हा शब्द जाणे म्हणजे केवळ एक शब्द जाणे नव्हे. तो टिकावा असे वाटत असेल तर कोशात त्याची नोंद असून भागणार नाही. हर्णैला, जयगडला, विजयदुर्गला त्याच्यासाठी दार उघडणारी बोट असावी लागेल.