मोर्चापासून अर्जापर्यंत

डावी चळवळ नोकरशाहीच्या वळणाने का जाते, या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे आहेत : पुढारी विकले गेले, किंवा तत्त्वज्ञान पातळ झाले. परभणी जिल्ह्याचा अनुभव पाहिला तर दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात.

या जिल्ह्यात शेतकरी कामगार पक्षाची मुळे खोल होती. १९५२ आणि १९७७ साली परभणीने या पक्षाचा खासदार निवडून दिला. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाला मार्क्सवादाची दिशा दिली होती. पण प्रबंधातला श्रमिक आणि गावातला सालगडी यांची गाठ पडली काय? गावात पक्ष उभा होता तो मुख्यतः जमीनधारकांच्या बळावर. शोषणाची व्याख्या शेतमालाच्या भावापाशी थांबली; ती महारवाड्यात, मांगवाड्यात उतरली नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला, तेव्हा हा पक्ष पुलोद सरकारात होता. ठराव मुंबईत झाला आणि परभणी-नांदेडच्या खेड्यांत दलित वस्त्या पेटल्या. जमावापुढे आडवा उभा राहील असा कार्यकर्ता गावोगाव घडलाच नव्हता. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहांत भूमिहीन तुरुंगात गेले. पुढे १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याची वाट काढली. हा विजयच होता. मात्र त्याबरोबर लढ्याची भाषा बदलली. आता प्रश्न आला पुराव्याचा : दंडाची पावती, पंचनामा, तलाठ्याची नोंद. ज्याला कागद कळतो तो पुढारी झाला; ज्याने गायरान फोडले तो अर्जदार. बाईने दगड वेचले, अर्जावर नाव नवऱ्याचे लागले. कार्यकर्ता तहसिलीत जितका ओळखीचा झाला तितका वस्तीत परका झाला. त्याने लाच खाल्ली असेलच असे नाही. त्याच्या उपयोगीपणानेच त्याला कारकून केले.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हा लोक स्वतःहून रस्त्यावर आले. अटकेतील सोमनाथ सूर्यवंशी या तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. ज्यांनी रस्त्यावर किंमत मोजली, त्यांच्या हाती संघटनेचा निर्णय किती असतो, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

कागद टाळता येणार नाही. संविधानही कागदच आहे. म्हणून अर्ज वस्तीत, सर्वांसमोर वाचला जावा. तहसिलीत एकट्या पुढाऱ्याने जाऊ नये. पदे फिरती असावीत. कसणाऱ्या बाईचे नाव अर्जावर आधी यावे. एवढे आपल्या संघटनेत घडत नसेल, तर आपण क्रांतीची नव्हे, कचेरीची शाखा चालवतो आहोत.