दर्यापारची घरगुती पत्रे : ती उरली कशी आणि सांगतात काय

अस्सल पत्र हाती आले म्हणजे संशोधक त्याची मिती, हस्ताक्षर, शिक्का व कागद तपासून पाहतो. ते पत्र कोणाच्या दफ्तरात आणि कोणत्या कारणाने उरले, हा प्रश्न मात्र बहुधा मागे पडतो. अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवर १६व्या ते १८व्या शतकांत जी कुटुंबे विभागली गेली, त्यांच्या खाजगी पत्रांचे संग्रह व त्यांवरील ग्रंथ गेल्या अर्धशतकात अनेक प्रसिद्ध झाले. ते शेजारी शेजारी ठेवून वाचिले असता हा मागे पडलेला प्रश्नच सर्वांत अगोदर विचारावयास हवा, असे आमचे मत झाले आहे.

प्रथम स्पॅनिश पत्रे घेऊ. एन्रिके ओटे यांनी सेव्हिल येथील 'इंडीज' दफ्तरखान्यातून १५४० ते १६१६ पर्यंतची ६५० खाजगी पत्रे निवडून १९८८ साली प्रसिद्ध केली. त्यापूर्वी १९७६ साली जेम्स लॉकहार्ट यांच्यासह त्यांनी त्या काळच्या काही पत्रांचा इंग्रजी अनुवाद टीपांसह छापिला होता. मेक्सिको, पुएब्ला, लिमा इत्यादी ठिकाणी गेलेल्या कारागिरांनी, दुकानदारांनी व शेतकऱ्यांनी मायदेशी राहिलेल्या बायकोस, भावास, पुतण्यास लिहिलेली ही पत्रे आहेत. राजे आणि सेनापती ह्यांच्या कागदांनी भरलेल्या दफ्तरात चांभाराचे व विणकराचे शब्द सापडावे, हा लाभ लहान नव्हे. ओटे यांच्या परिश्रमाबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु ही पत्रे दफ्तरात आली कशी? अमेरिकेत जाण्यास राजाचा परवाना लागे. सेव्हिलचे व्यापारगृह १५०३ साली स्थापन झाले होते; जाणाऱ्या माणसाची तपासणी तेथे होई. परवाना मागणारा अर्जदार, आपणांस तेथे आप्त आहे व तो आपला सांभाळ करील, हे दाखविण्यासाठी त्या आप्ताचे पत्र अर्जास जोडी. पत्र अर्जाबरोबर दप्तरी दाखल झाले आणि म्हणूनच उरले. तेव्हा ही पत्रे खाजगी खरी, पण सरकारी पुरावा म्हणून जपलेली. 'खाजगी' हे विशेषण त्यांस अर्धेच लागू पडते.

ह्याचे परिणाम दूरवर पोहोचतात. ह्या संग्रहात 'ये' असे सांगणारी पत्रे विपुल आहेत. मारीया दे कारांसा ही १५८९ साली पुएब्लाहून सेव्हिलमधील आपल्या भावास तेथील दारिद्र्य टाकून मुलाबाळांसह निघून येण्याचा आग्रह करिते. आंद्रेस गार्सिया हा १५७१ साली मेक्सिकोहून आपल्या पुतण्यास बोलावितो, आणि आपण तेथील इंडियन स्त्रीशी विवाह केला हेही कळवितो. तिकडे ह्यात कमीपणा वाटेल, इकडे वाटत नाही, असे त्याचे सांगणे. अशी पत्रे पाठोपाठ वाचिली म्हणजे गेलेला प्रत्येक मनुष्य सुखी झाला व आप्तांच्या आठवणीने व्याकुळ झाला, असा ग्रह होतो. हा ग्रह दफ्तराने घडविलेला आहे. ज्याचे दिवाळे वाजले त्याने कोणास बोलाविले नाही. ज्याने बोलाविले पण ज्याची बायको निघाली नाही, तिने अर्ज केला नाही. ह्या दोघांची पत्रे सेव्हिलच्या ह्या अर्जांत शोधून सापडावयाची नाहीत.

पतीने पत्नीस लिहिलेल्या पत्रांत तर अधिक सावधगिरी हवी. बायको मायदेशी ठेवून अमेरिकेत एकटा राहणाऱ्या विवाहितास कायद्याने परत पाठविता येत असे. त्याने बायको आणवावी किंवा स्वतः परत जावे, असा दंडक होता. मेक्सिकोतील आलोन्सो ओर्तिस नावाचा कातडी कमावणारा सावकारांचे देणे मागे टाकून गेलेला होता. तो साफ्रा येथील आपल्या बायकोस मोठ्या मायेने बोलावितो. ती माया खोटी होती असे आमचे म्हणणे नाही. ज्या पत्राचा सरकारदरबारी उपयोग आहे, त्यातील जिव्हाळ्याच्या शब्दांचे वजन एका पत्रावरून ठरवू नये, एवढेच म्हणणे आहे. ओटे यांनी पत्रे जेथून लिहिली त्या स्थळांप्रमाणे लाविली आहेत. ग्रंथ पत्रांचा आहे, अर्जांचा नव्हे. सबब प्रत्येक पत्र वाचिताना त्यामागचा अर्ज वाचकानेच डोळ्यांपुढे ठेवावयाचा आहे.

दुसरा संग्रह अगदी उलट कारणाने उरला. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यात इंग्लंडच्या आरमारी न्यायालयाचे कागद आहेत. युद्धात धरलेले जहाज शत्रूचेच होते हे न्यायालयात सिद्ध करण्यासाठी त्यावरील सर्व कागद हजर करावे लागत; त्यांत टपालाच्या थैल्याही येत. १६५२ ते १८१५ पर्यंत धरलेल्या ३५,००० हून अधिक जहाजांचे कागद तेथे असून, मालकास कधीच न पोहोचलेली सुमारे १,६०,००० पत्रे त्यांत आहेत. ओल्डेनबुर्ग विद्यापीठ व हा दफ्तरखाना मिळून २०१८ पासून ह्या सर्वांची सूची व छायाचित्रे करण्याचे काम चालवीत आहेत. येथे पत्रे कोणी निवडिली नाहीत. लिहिणारा सुखी होता की बुडालेला होता, ह्याची पकडणाऱ्या कप्तानास पर्वा नव्हती. म्हणून सेव्हिलच्या पत्रांत जे सुटते ते येथे सापडते. मात्र ही पत्रे युद्धकाळची आहेत. 'तुमचे पत्र नाही' ही तक्रार त्यांत जागोजाग आढळते. तिच्यावरून शांततेच्या काळातील टपालाचा अंदाज बांधणे चुकीचे होईल.

ह्या पत्रांपैकी डच पत्रांवर लायडन विद्यापीठात मारायके व्हॅन डर वाल यांनी २००८ ते २०१३ पर्यंत जे काम चालविले, ते हस्तलिखितांच्या संग्राहकांनी मुद्दाम पाहावे. १६६४–७२ व १७७६–८४ ह्या दोन कालखंडांतील सुमारे हजार पत्रे त्यांनी निवडिली आणि प्रत्येकाविषयी एक प्रश्न विचारला : ज्याच्या नावाने पत्र आहे त्याचेच हे हस्ताक्षर काय? उत्तरासाठी पत्रातील अंतर्गत खुणा, त्याच माणसाची दुसरी पत्रे, आणि दफ्तरांतील त्याच्या सह्या ह्यांची ताडणी केली. ज्या पत्रांचा निर्णय लागला नाही, ती तशीच वेगळी ठेविली. पत्रातील 'मी' आणि लेखणी धरणारा हात हे दोन भिन्न असू शकतात, हे सर्वांस तोंडपाठ आहे. पण पत्रागणिक ते तपासण्याचे कष्ट थोडेच घेतात.

ह्याच दफ्तरातून केंब्रिजचे इतिहासकार रेनो मोरियो यांनी 'गालाते' ह्या फ्रेंच लढाऊ जहाजावरील खलाशांस आलेली १०४ पत्रे उजेडात आणिली व २०२३ साली त्यांवरील निबंध प्रसिद्ध केला. हे जहाज १७५८ साली बोर्दोहून क्वेबेककडे जात असता इंग्रजांनी धरिले. टपालखात्याने पत्रे एका बंदरामागून दुसऱ्या बंदरास धाडिली. प्रत्येक वेळी जहाज निघून गेलेले. शेवटी जहाज पकडले गेल्याचे कळल्यावर पत्रे इंग्लंडास रवाना झाली. तेथील आरमारी कारकुनांनी दोन फोडून पाहिली, घरगुती मजकूर आढळला, आणि गठ्ठे फितीने बांधलेले तसेच ठेवून दिले. सुमारे अडीचशे वर्षे बाकीची पत्रे कोणी उघडली नव्हती.

मोरियो यांनी जहाजावरील १८१ माणसांची ओळख पटविली, आणि पत्रांपैकी शेकडा ५९ वर स्त्रियांच्या सह्या असल्याचे दाखविले. एक उदाहरण पुरे आहे. नॉर्मंडीतील मार्गरीत नावाच्या ६१ वर्षांच्या आईने निकोला केनेल ह्या आपल्या मुलास २७ जानेवारी १७५८ रोजी पत्र लिहविले. तिला बहुधा स्वतः लिहिता येत नव्हते. तू वाग्दत्त वधूस लिहितोस, मला लिहीत नाहीस. मी तीन आठवडे आजारी आहे. तुझी खुशाली मला तुझ्या सोबत्याच्या बायकोकडून कळते, असा तिचा रुसवा आहे. पुढे त्या वधूनेही आईस पत्र पाठवीत जाण्याविषयी केनेलास विनविले. एक पत्र गल्लीभर वाचिले जाई आणि एकाच्या पत्रात चार घरांचे निरोप जात, हे ह्यावरून जितके स्पष्ट होते तितके शंभर पाने विवेचनाने झाले नसते. मोरियो यांच्या निबंधाचे बळ ह्यात आहे की, त्यांनी पत्रांचा गठ्ठा फोडून विषयवार वाटला नाही. एका जहाजाची सर्व पत्रे एकत्र वाचिली.

हा केनेल बंदिवासातून जिवंत सुटला आणि १७६०नंतरच्या दशकात गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजावर चाकरीस लागला. आईच्या पत्राने कळवळणाऱ्या वाचकाने येथे थांबावे. ज्या जहाजांनी ही पत्रे नेली, त्याच समुद्रातून गुलामांची जहाजेही जात होती, आणि त्या जहाजांच्या तळघरांतून आया, भाऊ व मुले एकमेकांपासून कायमची तोडली जात होती. त्यांची पत्रे नाहीत. सारा पिअर्सल यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अटलांटिक कुटुंबांवरील ग्रंथात इंग्रजी पत्रांची मीमांसा घरोबा, भावार्द्रता व पत ह्या तीन कल्पनांच्या आधारे केली आहे. कुटुंबे विखुरली म्हणूनच घरोब्याची भाषा अधिक दाट झाली, हा त्यांचा सिद्धान्त आम्हांस मान्य आहे. गुलामगिरीचे भानही ग्रंथकर्त्रीस आहे. तथापि तिची साधने मुख्यतः कागद जपण्याची ऐपत असलेल्या घरांतील आहेत. अशा घरांच्या कागदांवरून बांधलेला सिद्धान्त त्या घरांपुरताच ठेविला पाहिजे.

अपवाद थोडे, पण अमोल आहेत. १७६१ साली बोस्टन येथे लहानपणी विकली गेलेली व पुढे कवयित्री म्हणून प्रसिद्धीस आलेली फिलिस व्हीटली हिने न्यूपोर्ट येथील ऑबर टॅनर ह्या आपल्या मैत्रिणीस लिहिलेली सात पत्रे आज मॅसॅच्युसेट्सच्या इतिहास संस्थेत आहेत. टॅनर स्वतः गुलाम होती. तिने व्हीटलीची पुस्तके खपविण्यास हातभार लाविला, आणि पत्रे म्हातारपणापर्यंत जपली. मार्च १७७४ च्या पत्रात व्हीटली आपल्या मालकिणीच्या मृत्यूचा शोक करिते. त्या बाईने आपणांस दासीपेक्षा मुलीसारखे वागविले, असे लिहिते. नुकत्याच मुक्त झालेल्या स्त्रीने अद्याप गुलाम असलेल्या मैत्रिणीस हे लिहिले आहे, आणि पत्रे तर इतरांच्या हातून जाणारी. तेव्हा ह्या वाक्यात शोक किती व सावधपणा किती, हा निवाडा कोणी घाईने करू नये. टॅनरची उत्तरे उरली नाहीत. व्हीटलीचे शब्द आपणांस मिळाले ते केवळ टॅनरने ते टाकून दिले नाहीत म्हणून. ह्या मैत्रीतील टॅनरची बाजू आपणांस त्या जपणुकीवरूनच कळते.

सारांश, सेव्हिलची पत्रे उपयोगी पडली म्हणून उरली, क्यूची पोहोचली नाहीत म्हणून उरली, आणि टॅनरची प्रेमाने जपली म्हणून उरली. तिन्ही अस्सल आहेत, पण तिन्हींची साक्ष एका मापाने मोजता येत नाही. आमच्या संग्राहक वाचकांस ह्यातून घेण्याजोगा धडा साधा आहे. पत्र विकत घेताना किंवा रुमालातून काढिताना त्याच्या शेजारी कोणता कागद होता, गठ्ठा कशाने बांधिला होता, मोहोर फुटलेली होती की शाबूत, आणि अक्षर सही करणाराचे की लेखकाचे, हे त्याच दिवशी टिपून ठेवावे. मजकुराची नक्कल उद्या दुसरा कोणीही करील. पण सुटलेल्या रुमालातील कागदांचा क्रम पुन्हा कोणास लाविता येणार नाही.