पाझर आणि पार्यता

संशोधनसंस्था व ग्रामीण शाळा यांचे सहकार्य बहुधा उपकरणांच्या संख्येने मोजले जाते. मुंबईत १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यास अपवाद होय. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या शाळांबरोबर या केंद्राने काम केलेच. शिवाय पाठ्यपुस्तकांची क्लिष्ट भाषा हा विज्ञानशिक्षणातील अडसर मानून ती सुबोध करण्याचा यत्नही केला. हे श्रेय निर्विवाद आहे. तथापि सुबोधता म्हणजे केवळ आखूड वाक्ये आणि सोपे प्रतिशब्द नव्हेत.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचेच उदाहरण घ्यावे. या अवर्षणप्रवण गावात १९७५ नंतर पाणलोटाची कामे झाली. नालाबांध, पाझर तलाव हे शब्द तेथे शेतकऱ्याच्या तोंडी रुळले. तेथील विद्यार्थ्यास ‘पाझर’ ठाऊक असणार. ‘पार्यता’ मात्र त्याला व्याख्येसह पाठ करावी लागते. वस्तुतः काळ्या मातीत पाणी सावकाश आणि मुरमात झपाट्याने का मुरते, असे विचारताच त्या संज्ञेची गरज त्याला स्वतःलाच भासेल. (संज्ञा गाळून टाकण्यात मराठीचे हित नाही, हेही येथे नमूद करावयास हवे.) बाहेरून येणाऱ्या संस्थेने प्रयोगपेटी उघडण्यापूर्वी मुरणे, झिरपणे आणि पाझरणे यांतील भेद गावकऱ्यांकडून ऐकून घ्यावा. गावच्या शिक्षकास तो परिचित असतो. परंतु योजना आखताना त्यालाच पुष्कळदा सर्वांत शेवटी विचारले जाते.