कॅथार्सिस : विरेचन आणि पथ्य

पनवेलच्या नाट्यगृहात ‘नटसम्राट’ पाहून आम्ही खारघरला परतत होतो. लोकलमध्ये शेजारच्या काकू म्हणाल्या, “पोटभर रडले बघ. आता कसं मोकळं वाटतंय.” काका जाऊन वर्ष होत आले होते, तोवर त्यांच्या डोळ्यांत टिपूस आले नव्हते. समीक्षेत आपण ज्याला ‘कॅथार्सिस’ म्हणतो ते हेच का?

इंग्रजीने हा शब्द ग्रीकमधून उचलला. ‘काथारोस’ म्हणजे स्वच्छ. ग्रीकांकडे या शब्दाची घरे दोन : देवालय आणि वैद्यशाळा. पातकाचे क्षालन हेही काथार्सिस आणि रेचक देऊन कोठा साफ करणे हेही. ‘काव्यशास्त्रा’च्या 6व्या प्रकरणात ॲरिस्टॉटल शोकात्मिकेची व्याख्या करताना करुणा व भीती यांच्या संदर्भात हा शब्द योजतो आणि खुलासा न करता पुढे जातो. 1857 मध्ये याकोब बेर्नाइसने त्याचा वैद्यकीय अर्थ ठामपणे मांडला. ॲरिस्टॉटलचे वडील मॅसिडोनियाचे राजवैद्य होते, हेही इथे आठवावे.

मराठीत ‘विरेचन’ रूढ झाले. त्यावरचा आक्षेप रास्त आहे : भावना म्हणजे मळ नव्हे; रससिद्धांतात शोक बाहेर टाकायचा नसतो, आस्वादायचा असतो. पण हा आक्षेप घेताना आपण विरेचन म्हणजे नुसता जुलाब समजतो. पंचकर्मात त्याआधी स्नेहन-स्वेदन असते. नंतर संसर्जनक्रम, म्हणजे पेजेपासून हळूहळू नेहमीच्या आहारावर येणे. आधी मऊ करणे, मग मोकळे करणे, मग सांभाळणे.

शिरवाडकरांचे 1970चे हे नाटक याच क्रमाने चालते. सुरुवातीचे तृप्त, दिलदार आप्पासाहेब बेलवलकर आपल्याला मऊ करतात. म्हणून पुढची त्यांची परवड आपल्याला सोसवत नाही. तिसरी पायरी मात्र रंगमंचावर नसते. ती प्रेक्षकाने घरी जाऊन चढायची.

पुढच्या आठवड्यात काकूंनी काकांचे कपाट उघडले. कपडे देऊन टाकले, चष्मा ठेवून घेतला. दुःख संपले नव्हते. काय द्यायचे, काय ठेवायचे एवढे त्यांना उमगू लागले होते. ‘निचरा’ या शब्दात हे निवडणे येत नाही, ‘शुद्धी’त चष्म्याला जागा नाही. म्हणून ‘विरेचन’ मी ठेवीन, पण त्याच्या पथ्यासकट.