सत्याभासाची किंमत : एलिझाबेथ कॅनिंग प्रकरणातील छापील वृत्तांत

अठराव्या शतकातील ब्रिटनमध्ये गुन्हे, आपत्ती आणि तंटे यांविषयी छापल्या गेलेल्या वृत्तांतांकडे कादंबरीच्या इतिहासकारांनी प्रायः कच्चा माल म्हणून पाहिले आहे. न्यूगेट तुरुंगाच्या धर्मोपदेशकाने प्रसिद्ध केलेली फाशी जाणाऱ्यांची चरित्रे, ओल्ड बेलीतील खटल्यांची इतिवृत्ते, १७०३च्या वादळावरील डॅनियल डीफोचा ग्रंथ हे सारे कादंबरीची पूर्वावस्था ठरते. लेनर्ड डेव्हिस यांनी ‘फॅक्च्युअल फिक्शन्स’ (१९८३) या ग्रंथात बातमी आणि कादंबरी यांचा उगम एकाच अविभक्त व्यवहारात शोधला. या मांडणीला जोडून एक प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : वृत्तांत खरा वाटतो तो कशाच्या बळावर, आणि त्या सत्याभासाची किंमत कोण मोजतो?

१ जानेवारी १७५३ रोजी एलिझाबेथ कॅनिंग ही अठरा वर्षांची मोलकरीण लंडनमधून बेपत्ता झाली आणि २९ जानेवारीस उपासमारीने खंगलेल्या अवस्थेत आईकडे परतली. दोघा पुरुषांनी पळवून नेले, वेश्याव्यवसायास नकार देताच एका म्हातारीने अंगावरचे कॉर्सेट काढून घेतले व माळ्यावर कोंडले. पावाचे तुकडे, घागरीतले पाणी आणि धाकट्या भावासाठी घेतलेला एक मिन्स-पाय यांवर दिवस काढले, असे तिचे कथन होते. एनफिल्ड वॉश येथील सुझॅना वेल्सच्या घरात सापडलेल्या मेरी स्क्वायर्स या जिप्सी वृद्धेला फाशीची शिक्षा सुनावली गेली. लॉर्ड मेयर सर क्रिस्प गॅस्कॉइन यांच्या फेरचौकशीनंतर तिला माफी मिळाली. १७५४ मध्ये कॅनिंगच खोट्या शपथेबद्दल दोषी ठरून सात वर्षांसाठी अमेरिकेत हद्दपार झाली.

या प्रकरणाने पुस्तिकांचे युद्धच पेटवले. ‘टॉम जोन्स’चा कर्ता हेन्री फील्डिंग स्वतः दंडाधिकारी म्हणून प्रकरणात गुंतलेला होता. कथा विलक्षण आहे हे त्याने मान्य केले. पण इतकी भोळी मुलगी ती रचूच शकणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. येथे कादंबरीकाराची पात्रकल्पना पुराव्याची जागा घेते : स्वभावातून कृती सिद्ध होते, कृतीतून स्वभाव नव्हे. प्रतिपक्षी जॉन हिलने त्याच तपशिलांमध्ये विसंगती शोधल्या. घागर आणि पाव एकाच्या लेखी अनुभवाच्या खुणा, तर दुसऱ्याच्या लेखी बनावाच्या. तपशील स्वतः काहीच सिद्ध करत नाही. तो वाचकाच्या पूर्वग्रहाला आकार देतो.

व्हर्च्यू हॉल हिची जबानी या दृष्टीने निर्णायक आहे. बराच वेळ टाळाटाळ करणाऱ्या हॉलला आपण तुरुंगात धाडण्याची ताकीद दिली, त्यानंतर ती बोलती झाली आणि तिची जबानी कॅनिंगच्या वकिलाने लिहून घेतली, हे फील्डिंगच्याच पुस्तिकेत नोंदलेले आहे. दोन जबान्या जुळतात म्हणून त्या खऱ्या, हे प्रतिपादन करणारी संहिता ती जुळणी कशी घडली हेही नकळत सांगून जाते. पुढे हॉलने ही जबानी फिरवली.

उलट बाजूचे निवेदन मात्र नीरस होते. स्क्वायर्स त्या काळात डॉर्सेटमधील ॲबट्सबरीत होती, अशी साक्ष दोघांनी पहिल्याच खटल्यात दिली होती. मुक्काम, तारखा, रस्ते यांनी बनलेल्या त्या वृत्तांताला ना नायिका होती, ना करुणरस. त्यातून ज्या स्त्रीचा बचाव व्हायचा ती भटक्या जमातीची. तिच्याविषयीचा संशय वाचकांच्या मनात आधीच रुजलेला होता. कथानकाला खलपात्र हवे होते, ते तिच्यात सापडले.

‘वाचक हाच न्यायाधीश’ ही या पुस्तिकांची भूमिका लोकशाहीवादी भासते. परंतु न्याय मागण्यासाठी आधी निवेदनाचा अधिकार असावा लागतो, आणि तो समान वाटलेला नव्हता. स्क्वायर्स आणि हॉल यांचे शब्द इतरांच्या लेखणीतूनच उरले. ज्या कॅनिंगसाठी इतके लिहिले गेले, तिचीही कहाणी इतरांनीच लिहिली. वास्तववादाची परंपरा मांडताना या असमानतेची दखल घेतली नाही, तर समीक्षाही फील्डिंगच्याच न्यायासनावर जाऊन बसते.